दुसऱ्याचा गणवेश, आपला देश : परकीय झेंड्यांखालच्या पोलिश पलटणी

#थ्रेड #इतिहास

१/
पोलंडच्या राष्ट्रगीतात इटलीचे नाव येते आणि नेपोलियन बोनापार्टचेही. परक्या भूमीचे आणि परक्या सेनापतीचे नाव स्वतःच्या राष्ट्रगीतात आदराने घेणारे देश जगात फारसे नाहीत. हे गीत रचले गेले तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. युझेफ विबित्स्की यांनी ते जुलै १७९७ मध्ये उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया येथे लिहिले. ज्यांच्यासाठी लिहिले ते पोलिश सैनिक तेव्हा फ्रान्सच्या छत्राखाली, एका इटालियन प्रजासत्ताकाच्या पगारावर लढत होते. तेच गीत १९२७ मध्ये अधिकृत राष्ट्रगीत झाले.

२/
दुसऱ्याच्या पगारावर, दुसऱ्याच्या युद्धात लढणाऱ्या या माणसांना काय म्हणावे? देशभक्त की भाडोत्री? समाजमाध्यमांवर असा प्रश्न निघाला की क्षणात दोन तट पडतात आणि चर्चा शिक्के मारण्यापुरती उरते. या धाग्याचे म्हणणे असे की, गणवेश कोणाचा होता या एका प्रश्नाने काहीच उलगडत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. शपथ कोणाची घेतली? नकार देण्याची सोय होती का? आणि बंदूक शेवटी कोणावर रोखली गेली? पोलंडचा सुमारे दीडशे वर्षांचा अनुभव या तीन प्रश्नांच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे.

३/
पार्श्वभूमी थोडक्यात. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड-लिथुआनियाचे राज्य आपसांत वाटून घेतले. तिसऱ्या फाळणीनंतर काहीही शिल्लक राहिले नाही. १७९४ मध्ये तादेउश कोश्चुश्को यांच्या नेतृत्वाखाली झालेला उठाव चिरडला गेला होता. राजा पदच्युत झाला, सैन्य विसर्जित झाले. गावातील तरुणांना आता तीनपैकी ज्या साम्राज्याच्या वाट्याला गाव आले, त्याच्या फौजेत जावे लागे. म्हणजे परकीय गणवेश हा पोलिश माणसासाठी निवडीचा विषय उरलाच नव्हता; कोणता गणवेश, एवढेच काय ते कधीकधी हातात असे.

४/
यातून मार्ग काढू पाहणारा पहिला सेनानी म्हणजे यान हेन्रिक दोंब्रोव्स्की. त्याचा हिशेब साधा होता. इटलीत नेपोलियन ऑस्ट्रियाशी लढतो आहे. ऑस्ट्रियाच्या फौजेत सक्तीने भरती झालेले हजारो पोलिश शेतकरी आहेत. ते फ्रेंचांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडत आहेत. या कैद्यांतूनच पोलिश सैन्य उभे का करू नये? जानेवारी १७९७ मध्ये मिलान येथे लोंबार्दीच्या शासनाशी करार झाला आणि पोलिश लीजन जन्माला आले. काही महिन्यांत त्यात काही हजार माणसे जमली.

५/
कराराचा तपशील पाहण्यासारखा आहे. फ्रान्सच्या तत्कालीन राज्यघटनेला परकीय सैन्य पदरी ठेवणे मान्य नव्हते, म्हणून कागदोपत्री हे सैनिक इटालियन प्रजासत्ताकाचे सहायक ठरले. गणवेशाची धाटणी पोलिश, टोपीवरचे पदकफूल फ्रेंच, खांद्यावरच्या पट्ट्या इटालियन रंगांच्या, आणि त्यांवर इटालियन भाषेत लिहिलेले : स्वतंत्र माणसे परस्परांचे बंधू आहेत. आज्ञा पोलिश भाषेत दिल्या जात. काल-परवापर्यंत वेठबिगारी करणाऱ्या शेतकऱ्याला येथे लिहा-वाचायला शिकवले जाई आणि तू नागरिक आहेस असे सांगितले जाई. एका माणसाच्या अंगावर तीन देश होते. फक्त ज्याचा तो होता, तो देश कोठेच नव्हता.

६/
पहिला धक्का वर्षभरातच बसला. ऑक्टोबर १७९७ मध्ये कांपो फोर्मियो येथे फ्रान्सने ऑस्ट्रियाशी तह केला. त्यात पोलंडचा विषय निघालाच नाही. त्याहून कडू घोट मांतुआचा. १७९९ मध्ये हा किल्ला ऑस्ट्रियाच्या स्वाधीन करताना फ्रेंच सेनापतीने अशी अट मान्य केली की, ऑस्ट्रियाच्या सैन्यातून फुटून आलेल्यांना ऑस्ट्रियाच्या हवाली केले जाईल. किल्ल्याबाहेर पडणाऱ्या पोलिश सैनिकांना रांगेतून ओढून काढण्यात आले. ज्यांच्यासाठी ते लढले, त्यांनीच त्यांना जुन्या मालकाच्या हाती दिले होते.

७/
डिसेंबर १८०० मध्ये होहेनलिंडनच्या विजयात कारोल क्न्याझेव्हिच याच्या हाताखालील पोलिश सैनिकांचा मोठा वाटा होता. पुढच्याच फेब्रुवारीत ल्युनेव्हीलचा तह झाला आणि त्यातही पोलंड नव्हता. गरज सरो, वैद्य मरो. क्न्याझेव्हिचने राजीनामा दिला, इतरही अनेक अधिकाऱ्यांनी दिला. अधिकाऱ्याला राजीनामा देता येत होता. साध्या शिपायाला तो देता येत नव्हता, आणि त्याला परतायला घरही नव्हते. वर सांगितलेला दुसरा प्रश्न, नकार देण्याच्या सोयीचा, येथे पहिल्यांदा बोचतो.

८/
पुढचा अध्याय सर्वांत काळा. शांतता झाल्यावर या हजारो सशस्त्र, असंतुष्ट माणसांचे करायचे काय, हा पॅरिसपुढे प्रश्न होता. १८०२-०३ मध्ये त्यांपैकी सुमारे ५,००० जणांना जहाजांवर चढवून कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग, म्हणजे आजच्या हैती येथे धाडण्यात आले. तेथे गुलामीतून मुक्त झालेले आफ्रिकी वंशाचे लोक फ्रेंच सत्तेविरुद्ध लढत होते. स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी घर सोडलेले पोलिश शिपाई आता दुसऱ्यांचे स्वातंत्र्य चिरडण्यासाठी उभे केले गेले. बहुतेकांचा बळी पीतज्वराने घेतला. युरोपात परत पोहोचले ते काहीशेच.

९/
मात्र या प्रसंगाचा निवाडा हैतीच्या लोकांनी स्वतः केला, आणि तो विलक्षण आहे. काही पोलिश सैनिकांनी फ्रेंचांची साथ सोडली, काही बंडखोरांना मिळाले, काहीशे तेथेच राहिले. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. १८०५ च्या राज्यघटनेने गोऱ्यांना हैतीत जमीनजुमला बाळगण्यास मनाई केली. पण तेथे नागरिकत्व मिळालेले पोलिश आणि जर्मन लोक या मनाईतून वगळले. काझाल या गावात आजही पोलिश पूर्वजांची आठवण सांगितली जाते. ज्यांच्यावर बंदूक रोखली गेली होती, त्यांनी गणवेशापलीकडे पाहिले. आपण दोनशे वर्षांनी तेवढे तरी करावे.

१०/
तरीही पोलिश लोकांनी नेपोलियनची साथ सोडली नाही. १८०७ मध्ये त्याने वॉर्सा संस्थान निर्माण केले. छोटे, मांडलिक, पण काहीतरी. त्याची किंमत रक्तात मोजली गेली. ३० नोव्हेंबर १८०८ रोजी स्पेनमधील सोमोसिएराच्या खिंडीत पोलिश घोडदळाने तोफांवर केलेला हल्ला आजही शौर्याचा कळस मानला जातो. पण त्या खिंडीपलीकडे असलेले स्पॅनिश लोक परकीय आक्रमणाविरुद्ध आपला देश राखत होते, हे गौरवगाथांत सहसा येत नाही. १८१२ च्या रशिया मोहिमेत लाखाच्या घरात पोलिश सैनिक होते. त्यांचा सेनापती युझेफ पोन्यातोव्स्की याला १८१३ मध्ये फ्रान्सचे मार्शलपद मिळाले, आणि तीनच दिवसांनी, लाइपझिगहून माघार घेताना, एल्स्टर नदीत बुडून त्याचा अंत झाला.

११/
मग हाती काय उरले? देश नव्हे, पण सैन्य उरले. १८१५ नंतर रशियाच्या झारने स्वतःला पोलंडचा राजा म्हणवून घेत त्या सैन्याला आपल्या छत्राखाली चालू ठेवले. नेपोलियनकडे घडलेले अधिकारी आता झारच्या नावाने कवायत करू लागले. २९ नोव्हेंबर १८३० रोजी वॉर्सातील छात्र-अधिकाऱ्यांनी उठाव केला, आणि हेच सैन्य झारवर उलटले. उठाव १८३१ मध्ये मोडला गेला, पण त्याला मोडायला एका साम्राज्याला कित्येक महिने पूर्ण युद्ध लढावे लागले. परक्याने दिलेली शिस्त परक्याच्याच विरुद्ध वापरता येते, हा धडा पुढच्या पिढ्यांनी जपून ठेवला.

१२/
१९१४. महायुद्ध पेटले तेव्हा पोलंडचे तिन्ही वाटेकरी दोन परस्परविरोधी गटांत होते : रशिया एका बाजूला, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी दुसऱ्या बाजूला. लाखो पोलिश तरुण तिन्ही फौजांत सक्तीने भरती झाले. समोरच्या खंदकातून पोलिश भाषेत हाका ऐकू येत. एकाच आडनावाची माणसे एकमेकांवर गोळ्या झाडत होती. अशा वेळी ‘खरा देशभक्त कोणाच्या फौजेत होता?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे त्या माणसाचा जन्म सीमेच्या कोणत्या बाजूला झाला, एवढेच विचारणे होय.

१३/
स्वेच्छेने निवड करणारेही होते, आणि त्यांची निवड एक नव्हती. युझेफ पिल्सुद्स्की याने रशियाला मुख्य शत्रू मानले. ऑस्ट्रियाच्या संमतीने त्याने नेमबाज संघटना उभारल्या होत्या. ६ ऑगस्ट १९१४ रोजी त्याची पहिली तुकडी क्राकूफहून निघाली आणि सीमा ओलांडून रशियन पोलंडात शिरली. पुढे या प्रयत्नातून ऑस्ट्रियाच्या हुकमतीखाली तीन ब्रिगेडचे पोलिश लीजन उभे राहिले. उलट रोमान द्मोव्स्की याला जर्मनी अधिक धोकादायक वाटे. त्याच्या बाजूच्या लोकांनी रशियाच्या छत्राखाली पुवाव्ही लीजन काढले. दोघांनाही पोलंडच हवा होता. मतभेद होता तो कोणता वाटेकरी आधी कोसळेल आणि कोणता जास्त घातक, या अंदाजाचा.

१४/
५ नोव्हेंबर १९१६ रोजी जर्मनी आणि ऑस्ट्रियाने ‘पोलंडचे राज्य’ जाहीर केले. सीमा ठरलेल्या नव्हत्या, राजाही नव्हता. पण सैनिकभरतीची घाई मात्र होती. उद्देश लपण्यासारखा नव्हता. जुलै १९१७ मध्ये लीजनच्या सैनिकांपुढे नवी शपथ ठेवली गेली : जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या फौजांशी शस्त्रबंधुत्व निष्ठेने राखण्याची. पिल्सुद्स्कीच्या सांगण्यावरून पहिल्या आणि तिसऱ्या ब्रिगेडमधील बहुसंख्य सैनिकांनी शपथ घ्यायला नकार दिला. या घटनेला पोलिश इतिहासात ‘शपथेचा पेच’ म्हणतात. विसाव्या शतकातील पोलिश सैन्याचा पाया एखाद्या विजयापेक्षा या नकारात अधिक आहे.

१५/
नकाराची किंमत लगेच वसूल झाली. रशियन पोलंडातून आलेल्या शिपायांना श्चिपिऑर्नो येथील छावणीत डांबले. (तेथे कैदी खेळत असलेल्या हँडबॉलला पोलिश भाषेत या गावावरूनच नाव पडले.) ऑस्ट्रियाचे प्रजाजन असलेल्यांना ऑस्ट्रियन फौजेत घालून इटलीच्या आघाडीवर पाठवले. पिल्सुद्स्कीला २२ जुलै रोजी अटक झाली आणि तो मागदेबुर्गच्या किल्ल्यात गेला. फेब्रुवारी १९१८ मध्ये, ऑस्ट्रिया आणि जर्मनीने पोलिश मुलूख परस्पर युक्रेनला देऊ केल्यावर, युझेफ हाल्लेर याची दुसरी ब्रिगेडही रारांचा येथे लढत आघाडी ओलांडून निघून गेली. तीन-साडेतीन वर्षांच्या सेवेनंतर दोघांनीही धन्याला पाठ दाखवली.

१६/
हाल्लेर पुढे फ्रान्सला पोहोचला. तेथे जून १९१७ पासून एक वेगळेच पोलिश सैन्य जमत होते. गणवेशाच्या रंगामुळे त्याला ‘निळे सैन्य’ म्हणत. त्यात जर्मन फौजेतून पकडले गेलेले पोलिश युद्धकैदी होते, आणि अमेरिका-कॅनडातून आलेले २०,००० हून अधिक स्वयंसेवक होते : खाणींत, कारखान्यांत राबणारी स्थलांतरित माणसे. १९१९ च्या एप्रिलपासून हे सैन्य जर्मनीतून रेल्वेने पोलंडात आणले गेले. तोवर पोलंड स्वतंत्र झाला होता. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी वॉर्सात सूत्रे हाती घेणारा पिल्सुद्स्की तीनच दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटलेला होता.

१७/
येथे गौरवगाथा थांबवून एक अवघड गोष्ट सांगायला हवी. युक्रेनी तरुणांनीही त्याच ऑस्ट्रियाच्या छत्राखाली, तशाच आशेने आपले ‘सिच नेमबाज’ दल उभारले होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये ल्विवच्या रस्त्यांवर ही दोन स्वप्ने समोरासमोर आली. १९१९ मध्ये हाल्लेरचे सैन्यही पूर्व गालिशियात युक्रेनी लोकांविरुद्ध वापरले गेले आणि युक्रेनी बाजू हरली. हाल्लेरच्या काही सैनिकांनी ज्यू रहिवाशांना मारहाण केली, त्यांच्या दाढ्या कापल्या, काहींचे जीव घेतले, याच्याही नोंदी आहेत. हातात स्वतःचा झेंडा आला म्हणून तिसरा प्रश्न सुटत नाही. तो तेव्हा जास्त टोकदार होतो.

१८/
दुसरे महायुद्ध. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंड वाटून घेतला. लाखो पोलिश नागरिक सायबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार झाले. मग हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि फासे उलटले. ३० जुलै १९४१ च्या करारानुसार स्टालिनने आपल्या भूमीवर पोलिश सैन्य उभारायला संमती दिली. त्याचा सेनापती व्वादिस्वाफ आंदर्स याला थेट मॉस्कोच्या ल्युब्ल्यांका तुरुंगातून बाहेर काढण्यात आले. श्रमछावण्यांतून सुटलेली माणसे हजारो किलोमीटर तुडवत, चिंध्या पांघरून, पायांना फडकी गुंडाळून भरतीच्या ठिकाणी पोहोचत होती.

१९/
या गर्दीत एक उणीव ठळक होती. हजारो अधिकारी आलेच नाहीत. डिसेंबर १९४१ मध्ये क्रेमलिनमधील भेटीत पंतप्रधान सिकोर्स्की आणि आंदर्स यांनी स्टालिनला विचारले, तेव्हा ते पळून मांचुरियात गेले असतील असे उत्तर मिळाले. वास्तविक १९४० च्या वसंतातच कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी, पोलीस आणि इतर कैद्यांना सोव्हिएत यंत्रणेने गोळ्या घातल्या होत्या. पुढे शिधा कमी करण्यात आला. आंदर्सने बाहेर पडण्याचा आग्रह धरला. १९४२ मध्ये मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट अशा दोन खेपांत सुमारे १,१५,००० पोलिश माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. त्यांत सैनिकांबरोबर बायका होत्या, मुले होती.

२०/
आणि जे त्या जहाजांपर्यंत पोहोचू शकले नाहीत? त्यांच्यापुढे इकडे आड तिकडे विहीर. मे १९४३ मध्ये झिग्मुंट बेर्लिंगच्या हाताखाली सोव्हिएत छत्राखालील कोश्चुश्को डिव्हिजन उभी राहू लागली. अनेकांसाठी श्रमछावणीतून जिवंत बाहेर पडून घराकडे चालण्याचा तेवढाच रस्ता होता. शपथेत सोव्हिएत संघाशी निष्ठेचे कलम होते, अनेक अधिकारी सोव्हिएत होते, राजकीय शिक्षक सोबतीला होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये लेनिनो येथील दोन दिवसांच्या लढाईत सुमारे ३,००० माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. याच सैन्याचे वारस एप्रिल-मे १९४५ मध्ये बर्लिनच्या रस्त्यांवर लढले. आंदर्सचे सैनिक आणि बेर्लिंगचे सैनिक यांच्यात विचारांचा फरक शोधायला गेले, तर पुष्कळदा हाती एक चुकलेली आगगाडी लागते.

२१/
आंदर्सचे सैनिक ब्रिटिश आठव्या सेनेत दुसरी पोलिश कोअर म्हणून इटलीत लढले. १८ मे १९४४ च्या सकाळी मोंते कॅसिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश निशाण चढले. तेथील पोलिश दफनभूमीत १,००० हून अधिक कबरी आहेत. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १९४५ मध्ये, याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे ठेवण्याचे मान्य केले. आंदर्सच्या सैनिकांपैकी बहुतेकांची घरे त्याच भागात होती. कांपो फोर्मियो, ल्युनेव्हील, याल्टा : दीडशे वर्षांत तहाच्या मेजावर पोलिश रक्ताला मिळालेला भाव बदलला नाही. आणि तरीही ही कोअर एप्रिल १९४५ मध्ये बोलोन्याकडे लढत गेलीच.

२२/
८ जून १९४६ रोजी लंडनमध्ये विजयसंचलन झाले. वर्षभरापूर्वीच ब्रिटनने वॉर्सातील साम्यवादी सरकारला मान्यता दिली होती. ब्रिटिश हुकमतीखाली लढलेल्या पोलिश दलांपैकी निमंत्रण गेले ते फक्त वैमानिकांना. सहकाऱ्यांना वगळल्यामुळे त्यांनीही ते नाकारले. नेदरलँड्समधील ब्रेडा शहर मुक्त करणारा सेनापती स्तानिस्वाव माचेक याचे नागरिकत्व वॉर्सातील सरकारने काढून घेतले. पुढे एडिंबरा येथे तो मद्यगृहात काम करून पोट भरत असे. साम्यवादी पोलंडात लेनिनोच्या लढाईचा दिवस सैन्यदिन झाला आणि आंदर्सचे नाव घेणे अवघड झाले. १९८९ नंतर पारडे फिरले. मग बेर्लिंगच्या शिपायांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. सरकार बदलले की मृतांच्या छातीवरची पदके बदलतात.

२३/
या कथेचा एक धागा थेट कोल्हापुरात येतो. इराणमार्गे बाहेर पडलेल्या कुटुंबांपैकी सुमारे ५,००० जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. बहुतांश स्त्रिया आणि मुले. अनेकांचे वडील वा भाऊ आंदर्सच्या सैन्यात. त्यांची पत्रे इटलीच्या आघाडीवरून वळिवड्याला येत. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, आज तिला गांधीनगर म्हणतात. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पाहुण्यांचे स्मारक आहे, आणि वॉर्सात मोंते कॅसिनोच्या स्मारकालगत कोल्हापूरचे नाव कोरलेला फलक आहे.

२४/
दुसरा धागा इटलीतला. ९ एप्रिल १९४५ रोजी आठव्या सेनेने सेनियो नदीवर अखेरची चढाई सुरू केली. त्या आघाडीवर पोलिश कोअर होती आणि आठवी भारतीय डिव्हिजनही होती. त्याच दिवशी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई नामदेव जाधव याने गोळीबारातून दोन जखमी सोबत्यांना नदीपार नेले आणि मग एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचा हा तरुण तेव्हा ज्या राजाच्या गणवेशात होता, तो राजा त्याचा नव्हता. शेजारच्या पोलिश सैनिकाचाही नव्हता. नामदेव जाधवांना ‘भाडोत्री’ म्हणायची जीभ उचलत नसेल, तर पोलिश शिपायाला म्हणताना ती का उचलावी?

२५/
आता तिन्ही प्रश्न एकत्र ठेवून पाहू.

शपथ : १९१७ मध्ये शपथेचे शब्द बदलताच लीजन मोडले. सैनिकांनी चाकरी आणि निष्ठा यांतली रेषा ओळखली होती.

नकार : तो सर्वांना सारखा परवडत नाही. क्न्याझेव्हिचला राजीनामा देता आला, सँ-दोमँगच्या जहाजावरील शिपायाला नाही. आंदर्सला सैन्य बाहेर काढता आले, बेर्लिंगच्या शिपायाला पर्यायच नव्हता. ज्याच्याकडे नकाराची ताकद जास्त, त्याच्यावर दोषाचा भार जास्त.

बंदुकीची दिशा : सोमोसिएरा, सँ-दोमँग, ल्विव. येथे हेतू उदात्त होता ही सबब पुरत नाही. हैतीतील ज्यांनी बाजू बदलली, त्यांनी ती पुरत नाही हे स्वतःच दाखवून दिले.

२६/
यावर एक सबळ आक्षेप येतो. १९१८ चे स्वातंत्र्य लीजनमुळे मिळाले नाही. तिन्ही साम्राज्ये एकाच वेळी कोसळली म्हणून मिळाले. मग या सगळ्या बलिदानाचा उपयोग काय? आक्षेपात तथ्य आहे. योगायोगाशिवाय पोलंड उभा राहिला नसता, आणि नुसते प्रशिक्षित दल असून भागत नाही हे युक्रेनी उदाहरणावरून दिसते. पण साम्राज्ये कोसळली त्या आठवड्यात पोलंडजवळ अधिकारी होते, आज्ञेची भाषा होती, एकमेकांना ओळखणारी पथके होती. चार वेगवेगळ्या फौजांत शिकलेली ही माणसे दोन वर्षांत एका सैन्यात गुंफली गेली, आणि ऑगस्ट १९२० मध्ये वॉर्साच्या वेशीवर त्यांनी लाल सेना रोखली. संधी कोणाच्या हातात नसते. संधी येईल तेव्हा हात रिकामा नसावा, एवढे हातात असते.

२७/
म्हणून परकीय झेंड्याखालच्या या पलटणींबद्दल अंतिम मत मांडायचे तर असे मांडावे : बड्या सत्तांच्या वचनांवर विश्वास ठेवणे ही त्यांची चूक होती, आणि ती त्यांनी पुन्हा पुन्हा केली. दुसऱ्यांचे स्वातंत्र्य चिरडायला हातभार लावणे हा त्यांच्यापैकी काहींचा अपराध होता, आणि तो शौर्यगाथांनी झाकू नये. पण दुसऱ्याच्या गणवेशात असणे हा स्वतःहून अपराध नव्हे. ज्याचा देश नकाशावर नाही, त्याच्या मापाचा गणवेश कोणी शिवूनच ठेवलेला नसतो.

पुढच्या वेळी एखाद्या सैनिकावर शिक्का मारण्याआधी त्याच्या शपथेचा कागद शोधावा, त्याचे गाव तेव्हा कोणाच्या ताब्यात होते ते पाहावे, आणि त्याच्या बंदुकीसमोर कोण उभे होते तेही पाहावे. एवढे केले की शिक्का मारण्याची घाई आपोआप ओसरते.

(समाप्त)
#म #मराठी #जगाचाइतिहास